रोजच्या जगण्याच्या चित्रांत गाव सोडून आलेला माणूस ओळखायचा कसा?

डिलाईलरोडकर:

मंडळी, जरा मदत हवीय. आमच्या गावच्या मुंबईतल्या मंडळाची स्मरणिका निघतेय. दरवर्षीचं अध्यक्षांचं मनोगत, देणगीदारांचे फोटो, दहावी-बारावीचे गुणवंत हे सोडून यंदा काहीतरी वेगळं टाकू या असं मीच मोठ्या तोंडाने सुचवलं, आणि आता 'चित्रांतला चाकरमानी' असा लेख माझ्याच गळ्यात पडलाय. चित्रकला मला कळते ती इंटरमिजिएटच्या परीक्षेपुरती, तीही बी ग्रेड, तेव्हा सांभाळून घ्या.

आजोबा संगमेश्वर तालुक्यातले. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गाववाल्यांच्या खोलीत राहायचे, म्हणजे ट्रंक भिंतीला, वळकटी ट्रंकेवर आणि झोपायचं पाळीप्रमाणे, रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाला उठून गेलेला असायचा. जेवण खानावळीत, पगारातली मनीऑर्डर गावाला, शिमगा-गणपतीला एसटीने घरी. ८२ चा संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर, त्यात तेही, आणि मग पुढचं काय ते तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

तर ग्रुपवर चित्रं मागवली. आलं काय, तर सूर्यास्ताकडे निघालेली बैलगाडी, डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई, पाठमोरा शेतकरी आणि लांब जाणारी पायवाट. एकाने तर एआयने बनवलेलं स्टेशन पाठवलं त्यात हमालाला सहा बोटं. यातलं एकही चित्र बघून मला आजोबा आठवले नाहीत.

मग एका मित्राने सुधीर पटवर्धनांच्या चित्रांचा जाडजूड कॅटलॉग हातात दिला. त्यात 'इराणी रेस्टॉरंट' आहे १९७७ चं, 'ट्रेन' आहे ८० सालचं, 'लोअर परळ' आहे २००१ चं. आता गंमत बघा, या चित्रांत कुणी गावाहून येत नाहीये की गावाला जात नाहीये, गाठोडं नाही, बैलगाडी तर नाहीच नाही, इराण्याकडे टेबलाशी बसलेला एक माणूस आहे झालं. पण बघितल्याबरोबर वाटलं की हा इथला नाही, हा आलेला आहे. माझ्या आईलाही दाखवलं, ती म्हणाली "ह्यो आपल्यातलोच दिसता". (आईचं माहेर मालवणकडचं.)

आता प्रश्न असा की हे नुसतं आमच्या मनात आहे का चित्रकाराने खरंच तसं काही केलेलं असतं? केलं असेल तर कसं? आणि अशा चित्रांना स्थलांतराची चित्रं म्हटलं तर जाणकार हसतील का? अजून कुठली बघावीत तेही सांगा. मराठीतच समजावा, आर्ट गॅलरीतल्या पाट्यांची भाषा नको, ती वाचून मी आणखीच गोंधळतो.

रंगारी_गल्ली:

छान धागा. जेजे कला महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी आहे (आता पोटापाण्यासाठी बिस्किटांच्या पुड्यांची डिझाइनं करतो), जमेल तसं सांगतो.

आधी माणूस कोण ते. पटवर्धन जन्माने पुण्याचे, १९४९ चे. एएफएमसीतून, म्हणजे तिथल्याच लष्करी वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाले, ७३ ला मुंबईत आले आणि ७५ पासून पुढे तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत करत चित्रं काढली. चित्रकलेचं रीतसर कॉलेज केलेलं नाही. म्हणजे तेही आलेलेच, फक्त डेक्कन क्वीनच्या बाजूने आलेले, एसटीच्या नाही. हे लक्षात ठेवा, पुढे वाद होणार आहे यावर.

आता 'कसं केलं'. तुमच्या ग्रुपवरची चित्रं स्थलांतर दाखवतात ते प्रवास म्हणून. निघाला, चालला, पोचला. पण प्रवास किती वेळाचा असतो हो? एक रात्र. त्यानंतरची चाळीस वर्षं माणूस आलेलाच असतो आणि ती चाळीस वर्षं दाखवायला रस्ता उपयोगाचा नाही, अंग लागतं. पटवर्धनांच्या सुरुवातीच्या चित्रांत बघा, माणूस कॅनव्हास भरून टाकतो. खांदे जड, हात कामाचे, मान जरा आत ओढलेली. जागा त्याची नाही हे त्याच्या बसण्यात आहे. आपल्या ओसरीवर माणूस ऐसपैस बसतो, तोच इराण्याकडे बसला की कोपरं अंगाशी घेतो कारण शेजारी दुसरा बसायचा असतो आणि चहा संपला की उठायचं असतं. तुमच्या आईला जे ओळखीचं वाटलं ते बहुतेक हे. चेहऱ्यावर गावाचं नाव थोडंच लिहिलेलं असतं!

दुसरं, हालचाल. चित्र तर हलत नाही. मग धावणं दाखवायचं कसं, तर सोपा मार्ग म्हणजे पाय फाकवायचे, पदर उडवायचा, मागे चार रेघा ओढायच्या. पटवर्धनांचं ७७ चं 'रनिंग वुमन' शोधून बघा आणि त्याच्या शेजारी शांतिनिकेतनातलं रामकिंकर बैज यांचं 'मिल कॉल' ठेवा, ते चित्र नाही, शिल्प आहे, १९५६ चं. गिरणीचा भोंगा झालाय म्हणून दोघी संथाळ बायका धावतायत, मागे पोरगं आहे, वाऱ्यावर कपडा फडफडतोय. तिथे धावण्यात वारा आहे, आनंदसुद्धा आहे. मुंबईच्या बाईच्या धावण्यात वजन आहे, ही बाई स्वतःला ओढत नेतेय. दोघी कामालाच निघाल्यात असं धरलं तरी एकीच्या पायाखाली अजून स्वतःची माती आहे आणि दुसरीच्या नाही असं मला कायम वाटतं. (माझं वाचन आहे हे, चित्रकाराने सांगितलेलं नाही.)

तिसरं म्हणजे मोठी चित्रं, शहराची. त्यांत ते एकाच ठिकाणी उभं राहून बघत नाहीत. एक भाग वरून दिसतो, एक समोरून, रस्ता भलतीकडेच वळतो, म्हणजे तुम्ही चालत चालत बघितल्यासारखं होतं. चित्रातला माणूस थांबलेला असला तरी बघणारा फिरत राहतो. 'लोअर परळ' मोठं करून बघा, डोळा एका जागी ठरतच नाही. २००१ सालचं लोअर परळ म्हणजे गिरण्या बंद, चिमण्या अजून उभ्या आणि टॉवर वर येतायत असा काळ होता, फिनिक्स मिलचा मॉल होत होता. म्हणजे माणसाने जागा सोडली नाही पण जागेनेच माणसाला सोडलं. हेही स्थलांतरच धरा की.

आणि गीव्ह पटेलांचं 'टू मेन विथ हँडकार्ट' नक्की घ्या, १९७९ चं. हेही डॉक्टरच, कवी आणि नाटककारसुद्धा, २०२३ ला गेले. हातगाडी ओढणारे दोघं गाडी थांबवून उभे आहेत, बोलतायत, मागे इमारती आणि सगळीकडे गुलाबी-जांभळा संध्याकाळचा उजेड. दिवसभर मुंबईचं सामान हलवणारी माणसं आणि चित्रकाराने नेमका त्यांचा थांबलेला क्षण घेतला. ओढताना काढलं असतं तर ते फक्त मजूर झाले असते. उभे राहून बोलतायत म्हटल्यावर ते कुणीतरी होतात, कुठल्यातरी गावचे होतात, कारण माणूस बोलायला लागला की कुठल्या भाषेत बोलत असेल हा विचार आपण करतोच.

औंधकर:

रंगारींचा प्रतिसाद आवडला पण सगळं १९७५ पासून सुरू झाल्यासारखं नको. त्याआधी महादेव विश्वनाथ धुरंधर होऊन गेले. जन्म कोल्हापूरचा १८६७ चा, १८९० ला मुंबईत जेजेला आले आणि पुढची एक्केचाळीस वर्षं तिथेच, विद्यार्थी, मग शिक्षक, मग वरच्या पदावर. तैलचित्रं सोडा, त्यांची छोटी कामं बघा, पोस्टकार्डं, पुस्तकांतली रेखाटनं. एडवर्ड्स नावाच्या साहेबाचं 'बायवेज ऑफ बॉम्बे' आहे १९१२ चं, त्यात धुरंधरांची चित्रं आहेत.

मला इथे ओळखीबद्दल बोलायचंय. धुरंधरांच्या रस्त्यावर माणूस कुठला ते डोक्यावरून कळतं. पगडी कुठल्या तऱ्हेची, फेटा कसा बांधलाय, पारशी टोपी, बोहऱ्याची टोपी. बाईचं नेसणं बघितलं की जात, प्रांत, धंदा सगळं एका ओळीत. कोळीण वेगळी, गुजरातीण वेगळी, घाटावरची वेगळी. साहेबाला हेच पाहिजे होतं, त्याला मुंबई म्हणजे नमुन्यांची पेटी वाटायची, एकेक जमात काढून खण भरायचा. पण धुरंधर गडी इथलाच, त्यामुळे नमुना काढता काढता बाईने पदर सावरलाय, पोराने हात धरून ओढलंय असं काहीतरी शिरतंच आणि नमुन्याचा माणूस होतो.

आता गंमत अशी की पटवर्धनांच्या काळापर्यंत पगडी गेली. सगळे टेरिलिनच्या शर्ट-पँटीत. संगमेश्वरचा, आझमगडचा आणि करीमनगरचा, तिघांचा शिंपी एकच असल्यागत. मग कुठला ते ओळखायला चित्रकाराला अंगच वाचावं लागतं. रंगारी म्हणतात ते 'अंग' कुठून आलं त्याचं हे एक कारण असू शकतं, कपड्यांनी बोलायचं बंद केलं म्हणून.

धुरंधर बघायचे असतील तर आमच्या औंधला या. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं श्रीभवानी संग्रहालय आहे, धुरंधरांची कामं आहेत, यमाईचं दर्शनही होईल. एसटी साताऱ्याहून मिळते, परतीची वेळ मात्र आधी विचारून ठेवा.

बाळू_बिनधास्त:

सगळं ठीक आहे हो, पण एक विचारू का. हे सगळे चित्रकार डॉक्टर, प्राध्यापक. गिरणीवाल्याने काढलेलं चित्र कुठाय? इराण्याकडे बसलेल्या त्या माणसाला कुणी विचारलं का बाबा तुझं चित्र काढू का? आणि शेवटी ते चित्र टांगलं कुठे, तर ज्याने गिरणीच्या जागेवर टॉवर बांधला त्याच्या दिवाणखान्यात. माझे वडील पण गिरणीतलेच, त्यांनी आयुष्यात जहांगीर आर्ट गॅलरीची पायरी चढली नाही, समोरच्या फूटपाथवर वडापाव खाल्ला असेल फार तर. मग ही ओळख कुणाची? बघणाऱ्याची का बघितला जाणाऱ्याची?

रागावू नका कुणी. पण स्मरणिकेत 'आमचे आजोबा' म्हणून परक्याने काढलेलं चित्र छापण्यापेक्षा मंडळाच्या खोलीतला ग्रुप फोटो छापा, त्यात नावं तरी असतील.

रंगारी_गल्ली:

बाळूशेठ, म्हटलंच होतं वाद होणार. प्रश्न रास्त आहे आणि त्या पिढीने तो स्वतःला विचारलेला आहे. १९८१ ला मुंबई-दिल्लीत 'प्लेस फॉर पीपल' नावाचं प्रदर्शन झालं, पटवर्धन, भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी आणि जोगेन चौधरी असे सहा जण. नावातच आहे बघा, चित्रात माणसाला जागा द्या. त्या वेळी हे सरळ नव्हतं. भूपेन तर हिशेबनीस माणूस, चार्टर्ड अकाउंटंट, घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाचं चित्र असं काढायचा की पाटीवरची अक्षरंसुद्धा दुकानदाराने रंगवल्यासारखी.

पटवर्धन डाव्या विचारांचे, त्यांना तुमचा प्रश्न चांगलाच टोचलेला असणार. २००८-०९ च्या सुमारास त्यांनी 'विस्तारणारी क्षितिजे' म्हणून समकालीन चित्रांचं फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत नेलं होतं, जिथे असली चित्रं कधी पोचत नाहीत तिथे. म्हणून दिवाणखान्याचा मुद्दा खोटा ठरतो असं नाही. चित्र विकलं की कुणाच्याही भिंतीवर जातं, खरंय.

पण 'परका' म्हणताना एक सांगतो. तीस वर्षं ठाण्यात एक्सरे काढणारा माणूस. त्याच्यासमोर रोज कोण उभं राहणार? वागळे इस्टेटमधला कामगार, खोकला घेऊन आलेला, शर्ट काढून प्लेटला छाती लावून उभा. श्वास घ्या, धरा, सोडा. ही अंगं त्यांनी लांबून बघितलेली नाहीत एवढं तरी माना.

बाळू_बिनधास्त:

एक्सरेचं पटलं. दिवाणखान्याचं नाही. पुढे चालू द्या.

पोटोमॅककर_मीनल:

वा, या विषयावर मराठीत बोलणं होतंय! मी वॉशिंग्टनजवळ राहते, इथे फिलिप्स कलेक्शन म्हणून जुन्या घरातलं म्युझियम आहे. तिथे जेकब लॉरेन्स या काळ्या अमेरिकन चित्रकाराची 'मायग्रेशन सीरिज' आहे, म्हणजे निम्मी आहे. एकूण साठ चित्रं, विषम आकड्यांची फिलिप्सकडे आणि सम आकड्यांची न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमकडे, भावाभावांत जमीन वाटल्यासारखी एकाआड एक. अमेरिकेच्या दक्षिणेतून साधारण १९१० ते १९७० या काळात साठेक लाख काळी माणसं उत्तरेकडच्या शहरांत गेली, त्यातल्या पहिल्या लाटेची ही गोष्ट. लॉरेन्सने १९४१ ला संपवली तेव्हा तो फक्त तेवीस वर्षांचा होता. आईवडील दोघंही दक्षिणेतून आलेले, स्वतः हार्लेममध्ये, न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीत वाढला, म्हणजे बाळूदादा, हे 'परक्याने काढलेलं' नाही. शिवाय नुसत्या घरातल्या गोष्टींवर भागवलं नाही, हार्लेमच्या लायब्ररीत बसून वाचून काढलं सगळं.

प्रत्यक्षात चित्रं अगदी लहान आहेत, बारा बाय अठरा इंच. जवळ जाऊन बघावी लागतात. आणि त्याने ती एकेक करून पूर्ण केली नाहीत, सगळी एकदम मांडली आणि एक रंग घेतला की ज्या ज्या चित्रात तो लागतो तिथे तिथे लावून मोकळा झाला, मग दुसरा रंग. त्यामुळे साठही चित्रांत तोच हिरवा, तोच पिवळा, तोच विटकरी. भिंतीवरून बघत गेलं की एका चित्रातल्या बाईचा कोट पुढच्या चित्रात गाडीचा डबा झालाय असं वाटतं. हालचाल म्हणाल तर ती इथे आहे, चित्रांच्या मधल्या जागेत.

पहिल्या चित्रात स्टेशन आहे, तीन दरवाजे, शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुईस अशा पाट्या आणि तिन्हींत घुसणारी गर्दी. तिसऱ्यात माणसं निघालीत, सगळ्यांचा मिळून एक त्रिकोण झालाय आणि वर पक्षी. चेहरे जवळजवळ नाहीतच, तपकिरी अंडाकृती, नाक-डोळे क्वचित. म्हणजे पटवर्धनांच्या अगदी उलट. तिथे एकेका माणसाला वजन, इथे माणूस म्हणजे रंगाचा तुकडा, पण टोपी कशी घातलीय आणि पिशवी कुठल्या हातात आहे यावरून कोण दमलंय ते कळतं. औंधकरांनी टोपीचं लिहिलंय म्हणून हे आठवलं.

सगळ्यात मला धरून ठेवतं ते सत्तावन्नावं. ही मालिका संपत आली तेव्हा एक बाई येते, एकटीच, मोठ्या काठीने कपडे ढवळतेय, मागे रंगीत कपडे वाळत घातलेत. खाली ओळ आहे त्याचा अर्थ असा की कामकरी बायका उत्तरेत सगळ्यात शेवटी पोचल्या. साठातलं सत्तावन्नावं! आणि शेवटच्या चित्रात पुन्हा स्टेशन, फलाटावर रांगेने माणसं, सामान पुढ्यात, तोंड आपल्याकडे. लोक येतच राहिले एवढीच ओळ. पोचले, सुखी झाले वगैरे काही नाही.

आमच्याकडे देशातून आलेल्या पाहुण्यांना सगळे स्मिथसोनियनला नेतात, मी इथे आणते, तोंडं वाकडी करतात सुरुवातीला.

सुलभा_जव्हार:

मीनलताई, ते सत्तावन्नावं वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. गिरणगावाच्या गोष्टीत बाई कुठे आहे? एक खानावळवाली, पंधरा-वीस जणांचं रांधणारी, आणि एक गावाला राहिलेली, मनीऑर्डरची पावती सही करून घेणारी. मुंबईच्या चित्रांत पहिली क्वचित येते, दुसरी तर गावात, तिच्याकडे चित्रकार गेलाच नाही. गेला तर विहिरीवर घागर घेऊन उभी करतो. स्मरणिकेत तिला जागा द्या बरं का डिलाईलरोडकर, नाहीतर मंडळाच्या महिला विभागाकडून ऐकून घ्याल.

पण मला मुंबईच्या जरा वर यायचंय. मी पालघर जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडचं स्थलांतर एकदा जाऊन राहायचं नाही, दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची कुटुंबं वीटभट्टीवर निघतात, भिवंडी, वसई, पार कल्याणपर्यंत, आणि पावसाच्या तोंडावर परत. सोबत पोरं. शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं आम्ही, म्हणजे पोराला भट्टीजवळच्या शाळेत बसवता यावं, देतोही, पुढे काय होतं ते न बोललेलं बरं.

वारली चित्र म्हटलं की तुम्हाला तारपा नाच आणि कॉफीचा मग आठवतो. जिव्या सोमा मशे, डहाणूजवळच्या गंजाडचे, २०११ ला पद्मश्री, २०१८ ला गेले, त्यांच्यामुळे बायकांच्या हातातलं लग्नाच्या चौकाचं चित्र कागदावर आलं आणि रोजच्या जगण्याचं झालं. वारली माणूस म्हणजे दोन त्रिकोण टोकाला टोक जोडलेले. ही कल्पना इतकी भारी आहे की तो माणूस सरळ उभा राहूच शकत नाही, कंबरेत लवतोच, वाकतो, नाचतो, ओझं उचलतो. रंगारीदादा, तुम्ही हालचाल कशी दाखवायची विचारत होतात ना, इथे ती अंगाच्या रचनेतच आहे. तोंडाच्या जागी ठिपका. चेहरा नाही म्हणून ओळख नाही असं वाटेल, पण पाड्यावर प्रत्येक जण कोण काय करतंय यावरून ओळखला जातो, ताडीवर चढलेला, मासे धरणारा, तांदूळ कांडणारी. काम हीच ओळख. आणि म्हणून भट्टीवर गेलं की अडचण होते, तिथे सगळे एकच काम करतात.

आमच्या चौथीतल्या एका मुलीने मागे 'माझं गाव' या विषयावर चित्र काढलं. झोपडी, कणगी, कोंबड्या, सगळं पांढऱ्या रेघांत, आणि कडेला ट्रक. ट्रकमध्ये त्रिकोणांची माणसं इतकी दाटीने की त्रिकोण एकमेकांत गेलेले, नुसती जाळी झालेली, आणि वर ठिपके. मी विचारलं हे गावात कशाला काढलंस, तर म्हणाली "बाई, त्यो गावातूनच निघतं ना". आता यात स्थलांतर आहे का, तर ट्रक आहे म्हणून आहे असं कुणी म्हणेल. मला ती जाळी महत्त्वाची वाटते. गावात जे त्रिकोण सुटे होते ते ट्रकमध्ये एकमेकांत गेले.

म्हणून बाळूदादा, ज्याचं जगणं त्याने काढलेलं चित्र असतं, फक्त ते कुणी चित्र म्हणून धरत नाही, हस्तकला म्हणून धरतात आणि सरस मेळाव्यात विकतात.

बाळू_बिनधास्त:

सुलभाताई, हा प्रतिसाद सगळ्यात भारी. ते ट्रकचं चित्र जपून ठेवलंय ना? मुलीच्या घरच्यांना विचारून स्मरणिकेत हेच छापा, मी फोटोग्राफ वगैरे म्हटलं ते मागे.

शिवोलीचो_भाचो:

गोंयकाराचे दोन शब्द. मुंबईत गावकऱ्यांच्या खोल्या म्हणताय तशा आमच्या कुडी. धोबीतलाव, माझगाव, एकेका गावाची एकेक कूड, तारवटी लोक, म्हणजे खलाशी, बोटीवर चढायच्या आधी आणि उतरल्यावर तिथे पडायचे, ट्रंका भिंतीला लावलेल्या, संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. तुमच्या आजोबांच्या खोलीत नि ह्यात फरक देवाच्या तसबिरीचा.

फ्रान्सिस न्यूटन सोझा, साळगावचा, १९२४ चा, असाच मुंबईत आईबरोबर आलेला. आई शिवणकाम करायची. जेजेतून काढला त्याला ४५ साली, ४७ ला प्रोग्रेसिव्ह हा नव्या चित्रकारांचा ग्रुप, ४९ ला लंडन, ६७ ला न्यूयॉर्क. लोक त्याची नंतरची भयंकर मुंडकी बघतात. सुरुवातीची बघा, गोव्याचे शेतकरी, कष्टकरी, जाड रेघेत. मला वाटतं तो गोवा सोडून जितका लांब गेला तितका त्याचा ख्रिस्त आणि चर्च जास्त गोंयकार होत गेले. आपल्याच घराची चित्रं काढायला कधी कधी तीन समुद्र ओलांडावे लागतात.

उलट केस म्हणजे आंजेलो द फोन्सेका, सांत इस्तेव्हचा. शांतिनिकेतनची शिकवण घेऊन आला आणि सायबिणीला, म्हणजे येशूच्या आईला साडी नेसवली. गोव्यात लोक भडकले. शेवटी पुण्यात आश्रमात राहून काम केलं, तिथेच ६७ ला गेला. इतकी साधी बाई काढलीय, पोराला घेतलेली, शेजारची वाटावी अशी. ओळखीचा प्रश्न म्हणाल तर ह्याच्याहून मोठा कुठला, देवाच्या आईने काय नेसावं!

अवांतर: कृष्ण खन्नांचे बँडवालेही बघा. स्वतः लायलपूरचे, फाळणीत इकडे आले. दुसऱ्यांच्या लग्नात वाजवणारी, लाल डगल्यातली माणसं, डगला मापाचा नसतोच. आणि दिल्लीच्या रस्त्यावरून ट्रकमागे धुळीत निजलेले मजूर आहेत त्यांचे, सुलभाबाईंच्या ट्रकच्या शेजारी ठेवण्यासारखे.

डिलाईलरोडकर:

बापरे, मी दोन प्रतिसादांची अपेक्षा केली होती. सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवलीय.

आता लेखाचं असं ठरवतोय की गाठोडं-बैलगाडी एकदम बाद. बसण्यातला परकेपणा, टोपी गेल्यावर अंग वाचणं, थांबलेली हातगाडी, आणि शेवटी पोचलेली बाई असं काहीतरी जुळवतो. बाळूंचा दिवाणखाना पण घेणार आहे, मंडळाच्या खोलीचाच पुनर्विकास चाललाय त्यामुळे लोकांना लगेच कळेल. आईला 'लोअर परळ' परत दाखवलं, ती म्हणते आपली चाळ यात कुठे दिसत नाही, बहुतेक झाडामागे असेल. झाड मला दिसलं नाही, पण वाद घातला नाही.

एक व्यवहाराचा प्रश्न राहिला. ही चित्रं स्मरणिकेत छापायची तर परवानगी लागते का? आमचा छापखानावाला म्हणतो नेटवर आहे म्हणजे फुकट आहे.

औंधकर:

छापखानावाल्याचं ऐकू नका. आपल्याकडे चित्रकार गेल्यानंतर साठ वर्षं कॉपीराइट चालतो. धुरंधर १९४४ ला गेले म्हणजे २००४ संपलं तेव्हा सुटले, तरी फोटो संग्रहालयाकडून घेतलात तर त्यांना विचारा आणि नाव छापा, तेवढी रीत पाळायचीच. पटवर्धन हयात आहेत, त्यांना किंवा त्यांच्या गॅलरीला सरळ पत्र लिहा, गिरणगावातल्या गावमंडळाची स्मरणिका आहे, विकत नाही, किती प्रती काढणार ते स्पष्ट सांगा. गीव्ह पटेल, सोझा, फोन्सेका, लॉरेन्स सगळे मुदतीच्या आतले, परवानगीशिवाय नको.

रंगारी_गल्ली:

आणि परवानगी मिळाली तर चित्र अर्ध्या पानावर, वर अध्यक्षांचा फोटो आणि खाली ज्वेलर्सची जाहिरात असं करू नका कृपया. पूर्ण पान द्या. कडा कापू नका, पटवर्धनांचं निम्मं चित्र कडेलाच घडत असतं. कागद मॅट घ्या, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि मंडळाच्या खोलीत ट्यूबलाइटच असणार. लेआउट लागला तर पाठवा, बिस्किटांच्या पुड्यांमधून वेळ काढतो.